पहिल्या नंबरचं झाड

चित्रकलेचे सर आणि जीवशास्त्राच्या बाई यांचं एरवी चहात साखर किती यावरही पटायचं नाही. पण झाडांचा तास ही कल्पना आपलीच, असं दोघंही छातीठोकपणे सांगत. आवारात वीस झाडं, वर्गात वीस मुलं. प्रत्येकाने आपलं झाड निवडलं. बाई हजेरीच्या क्रमाने एकेका खोडात पोकळ गिरमिट फिरवून पेन्सिलीएवढी लाकडाची कांडी काढायच्या आणि मुलं तिच्यावरचे पट्टे मोठ्या कागदावर रंगवायची. रुंद पट्टा म्हणजे पावसाचं वर्ष, अरुंद म्हणजे कोरडं. सालीकडचे पट्टे सगळ्यांच्याच चित्रांत दोऱ्याएवढे निघाले. तापत चाललेलं जग पोरांना भाषणाशिवाय कळलं, म्हणून बाई हरखून गेल्या.

प्रयोगशाळेत बाईंचा दरारा असा, की स्पिरिटने पुसल्याशिवाय चिमट्यालाही कुणी हात लावत नसे. त्या दिवशी मात्र तास चाळीस मिनिटांचा, आणि सरांचा एकच धोशा, "आटपा बाई, रंग वाळतायत." स्पिरिटची बाटली टेबलावरच राहिली.

काही महिन्यांत फाटकाजवळचं झाड शेंड्यापासून वाळलं. मग पार नळाजवळचं, मग पुन्हा फाटकाजवळचंच दुसरं एक. सगळे म्हणाले, उष्णता. पाचवं वाळलं तेव्हा बाई भिंतीवरच्या चित्रांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. चित्रं हजेरीच्या क्रमाने लावलेली होती आणि झाडं त्याच क्रमाने मरत होती.

पहिलं चित्र चिमणीचं. वर्गातली सगळ्यात लहानखुरी, म्हणून चिमणी. तिने पट्ट्यांमधून एक काळपट ओघळ काढला होता. त्याभोवती बाईंनीच लाल पेनाने गोल करून लिहिलं होतं, 'मनाचे रंग भरू नकोस.' ते झाड आधीपासूनच आजारी होतं. पोरीला दिसलं आणि बाईंना, सगळी पुस्तकं कोळून प्यायल्यावरही, दिसलं नाही.

"उष्णताच म्हणूया," बाईंचं ऐकून सर हळूच म्हणाले. "मुलांना कशाला सांगायचं?"

"मग उद्या वर्गात उभी कोणत्या तोंडाने राहू?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी भर वर्गात सगळं सांगितलं. "चिमणे, तुझं चित्र बरोबर होतं. तुझ्या झाडाला रोग होता. गिरमिट न पुसता मी पुढच्या झाडांना लावलं. चूक माझी, फक्त माझी." बोलून झाल्यावर त्यांना एकदम हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाजही वाटली.

चिमणी भिंतीकडे बघत होती, पहिल्या चित्रापासून विसाव्यापर्यंत.

"म्हणजे माझ्या झाडापासून सगळ्यांना लागलं?"

"माझ्या हातून लागलं, बाळा."

"पण माझ्याच झाडापासून ना?"

खोटं न बोलण्याचं ठरवूनच बाई आल्या होत्या. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या नंबरची मुलगी, चिमणीची जिवाभावाची मैत्रीण, तिच्या शेजारीच बसली होती. तिने दप्तर उचललं आणि ती मागच्या बाकावर जाऊन बसली.