अध्यक्षीणबाईंचं मत

मला गल्लीच्या समितीची अध्यक्ष केलं ते माझ्या हुशारीमुळे, असं मी अमळनेरला फोनवर सांगते. खरं कारण वेगळंच. चंदीगड आमचं, असं पंजाबवाले म्हणतात. आमचं, असं हरियाणावाले म्हणतात. आमच्या गल्लीतही तेच. पंजाबी ढिल्लोंजी अध्यक्ष झाले तर हरियाणवी दहियाजी सभेला येणार नाहीत, दहियाजी झाले तर ढिल्लोंजी खुर्च्या देणार नाहीत. मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. "मंजुषा भाभी महाराष्ट्र की हैं, किसी की तरफ नहीं होंगी." झालं! बिनविरोध निवड.

गल्लीच्या मागे नळांना चकाकी देण्याचा कारखाना होता. मोठ्या सेक्टरांतल्या कोठ्यांत, म्हणजे बंगल्यांत, नळ झगमगायचे आणि ॲसिडची वाफ आमच्या वाट्याला. दोरीवरच्या साड्यांना भोकं पडायची. आमच्या ह्यांना, म्हणजे चंद्रकांतरावांना, दुसऱ्या मजल्यापर्यंत चढायचं तर मध्येच पायरीवर बसावं लागायचं. माणसं वर्षानुवर्षं खोकत होती तेव्हा गल्ली म्हणायची, मौसम का असर है. ढिल्लोंजींच्या नव्या कोऱ्या गाडीला चट्टे पडले आणि आंदोलन पेटलं. हे ढिल्लोंजी आमचे घरमालक.

आंदोलन म्हणजे काय, तर रोज सकाळी कारखान्याच्या फाटकासमोर खुर्च्या टाकून बसायचं आणि ट्रक अडवायचा. चहा ढिल्लोंजींचा, भांडण दहियाजींचं, घसा माझा. शिवाय सेक्टर १७ मध्ये वकिलाकडे खेटे. तपासणीला आलेले साहेब हुंगून म्हणाले, हवा ठीक आहे. मी म्हटलं, "तो फिर बिस्तर मँगवाऊँ? आज यहीं सो जाइए." साहेबांना अचानक मीटिंग आठवली. पण वकील खमका निघाला आणि एकदाचं कारखान्याला टाळं लागलं. गल्लीत जिलबी वाटली. महिना गेला आणि एके दिवशी हे मध्ये न थांबता जिना चढून आले. मी दारातच रडले, लाज कसली त्यात!

मग दुसरं नवल घडलं. जागा सरकारजमा झाली आणि वरून निरोप आला की इथे काय बांधायचं ते गल्लीनेच ठरवावं. बाग ठरली, दवाखाना ठरला. बागेत कडुनिंब की गुलमोहर यावर दोन सभा मोडल्या, तेही निभावलं. राहिला प्रश्न घरांचा. दवाखान्यावर काही खोल्या निघणार होत्या. त्या द्यायच्या कोणाला? मालक म्हणाले, आमच्या मुलांना. भाडेकरू म्हणाले, आम्हाला, ज्यांच्या डोक्यावर स्वतःचं छप्पर नाही त्यांना.

मी भाडेकरू. ढिल्लोंजी मला नेहमी म्हणायचे, "भाभीजी, आप तो घर की हो," आणि दर वर्षी भाडं वाढवायचे. ह्यांचं छापखान्यातलं काम दम्यापायी सुटलेलं. पुढची भाडेवाढ आम्हाला झेपणार नव्हती. तिथे खोली मिळाली तर चंदीगडात राहणार, नाहीतर गाशा गुंडाळून दिराच्या दारात, अमळनेरला. इतका साधा हिशोब.

मला सोडून समितीत मालक निम्मे, भाडेकरू निम्मे. हात वर झाले. बरोबरी! माझं मत अजून बाकी होतं.

ढिल्लोंजी गोड हसले. "भाभीजी अपने लिए थोड़े ही वोट देंगी. इन्साफ वाली लेडी हैं." दहियाजीही मालकच, त्यांनी मान डोलावली. इतक्या वर्षांत हे दोघे पहिल्यांदा एका बाजूला आलेले मी पाहिले, आणि तेही माझ्या चांगुलपणावर विसंबून. अस्सा राग आला म्हणून सांगू! ढिल्लोंजींनी स्वतःच्या पोरासाठी हात वर केला तो इन्साफ, आणि मी केला तर स्वार्थ?

"ढिल्लोंजी," मी म्हटलं, "मैं अपने लिए ही दूँगी." आणि हात वर केला. नुसता नाही, चांगला ताठ. भाडेकरूंच्या बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मालक ओरडत होते, हा दगा आहे, अध्यक्षाने मध्ये राहायचं असतं. मी म्हटलं, "मध्ये राहून राहून कंबर मोडली माझी." हे मराठीतच निघालं तोंडातून, पण समजलं सगळ्यांना. ठराव लिहिला गेला, सह्या झाल्या. आमची खोली पक्की झाली.

संध्याकाळी ढिल्लोंजी दारात आले. बसले नाहीत. "मुबारक हो भाभीजी. आपका तो घर हो गया. अब मेरा खाली कर दो."

खोल्या बांधून व्हायला अजून वर्ष-दीड वर्ष. आमचे हे म्हणाले, "अध्यक्षीणबाई, आता?" मला हसूही येईना आणि रडूही येईना. पातेली पोत्यात भरायला घेतली.

सकाळी जिन्यात गलका. सगळ्या भाडेकरणी हजर, आणि आम्ही दोघांनी कोणाकडे राहायचं यावरून त्यांची जुंपलेली. प्रत्येकीची एकच खोली, तरी मागे हटेना कोणी. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाल्या, आता तुम्हीच सांगा. मी सरळ सांगितलं, रामदुलारीकडे. तिची खोली तळमजल्यावर आहे, ह्यांना जिना चढावा लागणार नाही.