उपाशीपोटीची गोळी

मी चाकाची खुर्ची बोलतेय, जालना रोडवरच्या एका दवाखान्याच्या इमर्जन्सीच्या दारातली. जन्म वाळूजच्या कारखान्यातला. डावं चाक तेव्हापासून कुरकुरतं, बाकी माझ्यात खोट काढून दाखवा.

माझ्यावर बसतात ती बहुतेक घरी राहणारी म्हातारी माणसं. "एवढ्यातेवढ्याला येतात," असं कुणी म्हटलं की मला संताप येतो. अहो, ती कसली येतात! दुखणं अंगावर काढतात, पोरांच्या ड्यूट्या सांभाळतात, आणि पाय उचलेनासा झाला की मग कुणीतरी त्यांना माझ्यावर आणून बसवतं.

करमाडच्या द्वारकाबाई मात्र माझ्या नेहमीच्या झाल्या होत्या. घरी एकट्याच असायच्या. दर महिन्याला घामाने भिजून, अर्धवट शुद्धीत यायच्या. शेजारची केसरबाई त्यांना रिक्षात घालून आणायची. शुगर पार तळाला गेलेली असायची. सलाईन लागलं की बाई पुन्हा टवटवीत.

एकदा त्यांचा मुलगा गोकुळ कंपनीच्या कपड्यांतच धावत आला. भेदरला होता बिचारा.

"आई, आता बास. करमाडच्या घराला कुलूप लावतो. माझ्याकडं चल."

"मी नाय येणार. माझं घर हाय तिथं." त्यांनी माझे हात इतके घट्ट धरले की मला त्यांची दया आली.

डॉक्टर तनुजा तिथेच होत्या. "आजी, शुगरची गोळी कशी घेता?"

"तुमीच सांगितलं ना, उपाशीपोटी."

"आणि मग जेवता कधी?"

"आज कुठलं जेवण? चतुर्थी हाय. चंद्र निघाल्यावर." डॉक्टरला एवढंही कळू नये, याचं द्वारकाबाईंना नवल वाटलं. "उपासाला तर मी गोळी कधीच चुकवत नाय. पोट लई उपाशी असतं, चांगली लागू पडती."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "आजी, माझंच सांगणं अर्धं राहिलं. उपाशीपोटी म्हणजे जेवायला बसायच्या आधी. ताट समोर आलं की गोळी. ताट नाय, तर गोळी नाय." त्यांनी गोळीही बदलून दिली. मग गोकुळला म्हणाल्या, "कुलूप राहू द्या सध्या."

पुढची चतुर्थी गेली. त्याच्या पुढचीही गेली. मी दाराकडे बघत राहिले, पण द्वारकाबाई काही आल्या नाहीत. रिकामं राहण्यात एवढा आनंद असतो, हे मला ठाऊक नव्हतं.

आणि एका दुपारी त्या आल्या, स्वतःच्या पायांनी. रिक्षात केसरबाई मान टाकून बसली होती. द्वारकाबाईंनी कुणाची वाट न बघता मला ओढलं, तिला बसवलं आणि पदर खोचून ढकलत निघाल्या.

"सरका, वाट द्या! डॉक्टरबाई, हिलाबी शुगर हाय. हिनं गोळी खाल्ली, ताट नाय खाल्लं. आधी शुगर बघा."

बघितली. तीच गत होती. तासाभरात केसरबाई चहा मागू लागली.

बाबांनो, म्हाताऱ्या माणसांच्या घराला कुलूप लावण्याआधी त्यांच्यापाशी बसून एकदा नीट विचारा. माझ्या नशिबी बसणारी माणसं कमी झाली तरी मी रागावणार नाही.

निघताना सिस्टरने द्वारकाबाईंना विचारलं, "आजी, तुम्हाला न्यायला कोण येणार?"

"मला कोण नेणार? मीच हिला नेते. करमाडला, आमच्या घरी."