पेटीचं झाकण

आसारामने हातोडीचा दांडा जीपच्या तळावर जरासा टेकवला आणि तो आरपार गेला. गंजाच्या लाल खपल्या खालच्या धुळीत पडल्या. डाव्या सीटपुढे आता भाकरीएवढं भोक झालं होतं आणि त्यातून कर्जतच्या गल्लीतली जमीन दिसत होती.

"तितंच आये बसायची हाय," ओट्यावर चिमीला पाजत बसलेली पुष्पावती म्हणाली.

"म्हाईत हाय."

शुक्रवारी नगरच्या दवाखान्यात पुष्पावतीच्या आईच्या, बनुबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. एक डोळा आधीच गेला होता. दुसरा राहील की नाही, हे डॉक्टरही खात्रीने सांगत नव्हते. मांडीचं हाड मोडल्यापासून तिला एस्टीची पायरी चढवत नव्हती. नेवाशाहून तिने निरोप धाडला होता: न्यायला या, आणि पट्टी बांधायच्या आधी नातीचं तोंड बघू द्या.

जीप आसारामने मिलिटरीच्या लिलावातून भंगार म्हणून उचललेली. दोन वर्षं खपून त्याने इंजिन चालू केलं, मडगार्ड ठोकून सरळ केले. तळ मात्र रंगाखाली गुपचूप कुजत राहिला. आणि आता बाजारात पत्रा मिळत नव्हता. दुष्काळाचं वर्ष; होता तेवढा पत्रा गुरांच्या छावण्यांना जात होता. नगरचा दुकानदार पुढच्या आठवड्याचं सांगत होता.

मंगळवारी सकाळी पुष्पावतीने आपली माहेरची पेटी रिकामी केली. लुगडी आणि चिमीची झबली गाठोड्यात बांधली आणि पेटी आणून नवऱ्यापुढे ठेवली. निळी, जुन्या जाड पत्र्याची. झाकणावर हिरवा पोपट, त्याच्या चोचीत डहाळी, खाली तिचं नाव. लग्नात बनुबाईने पेंटरपाशी उभं राहून तो काढून घेतला होता. तिला वाचता येत नव्हतं. 'नाव कुनी बी लिहील,' ती म्हणाली होती, 'पोपट दिसला की मला कळंल, माजी लेक आली.'

आसारामने पेटीकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"ही कापायची?"

"मग काय, पूजा करायची?"

"आन तुज्या आयेनं इचारलं तर?"

"सांगीन, घरी ठिवलीय."

हे तिने पटकन म्हटलं आणि चिमीचं टोपडं उगाच सारखं केलं. पेटीशिवाय माहेरी जायची ही पहिलीच खेप.

शेजारच्या मच्छिंद्राकडे वेल्डिंगची गॅसची टाकी होती. तो हात पुसत डोकावला.

"आन इकडं. अर्ध्या तासात चिकटवून देतो."

"नको. रिबीट मारतो."

"हातानं? आरं, तवर तुजी पोरगी शाळंत जाईल!"

आसारामने हसत हातोडी उचलली.

बुधवारभर ठकठक चालली. एकेक भोक पाडायचं, खिळा बसवायचा, खालून ठोकून त्याचं डोकं चेपायचं. तळाला आधार म्हणून दोन लोखंडी पट्ट्याही त्याने तशाच जोडल्या. पुष्पावती चहा घेऊन आली की तो कामावर गोणपाट ओढायचा. तिनेही ते उचललं नाही. कापलेली पेटी तिला पाहायची नव्हती.

"गॅसला काय झालंय?" संध्याकाळी न राहवून ती म्हणाली. "डाक्टर आपल्यासाटी थांबनार हाय व्हय? आयेचा जीव तितं टांगणीला, आन तुमची हितं मिजास. मच्छिंद्राचं उपकार नको, एवढंच ना?"

आसारामने तोंडातले दोन रिबीट काढून हातावर घेतले.

"तसंच समज," तो म्हणाला. "उद्या सकाळी निघू."

गुरुवारी निघाले. वाटभर ती बाहेर तोंड फिरवून बसली. पायाखाली गोणपाट होतं. खालून वारा लागत नव्हता, धूळ येत नव्हती, एवढं मात्र तिच्या ध्यानात आलं.

नेवाशात पोचले तेव्हा ऊन कललं होतं. बनुबाई भिंत धरून दारात उभी होती. तिने आधी चिमीला घेतलं, उजेडाकडे वळवलं, अगदी डोळ्यापाशी धरलं. दिसलं तेवढं बघून घेतलं, उरलेलं बोटांनी चाचपलं.

"कपाळ माजं घेतलंय सटवीनं," ती म्हणाली आणि पदराने डोळे टिपले. मग मान वळवून अंगणात कान देत राहिली. "पेटी उतरवली न्हाई अजून? कुटं हाय गं?"

पुष्पावतीने तोंड उघडलं. दोन दिवस घोकलेलं वाक्य आता येईना.

"आनलीय की," आसाराम म्हणाला.

त्याने जीपमधलं गोणपाट ओढून काढलं. तळावर पोपट होता. सबंध, चोचीतल्या डहाळीसकट. कडेने रिबिटांची ओळ चालली होती. शेपटीपाशी ती वळसा घालून गेली होती, आणि खालच्या नावाच्या एकाही अक्षरात खिळा नव्हता. रंग कुठेही करपला नव्हता.

पुष्पावतीने नवऱ्याकडे पाहिलं. तो बॉनेट उघडून, पाणी किती उरलंय ते बघत होता. बराच वेळ बघत होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघांनी बनुबाईला उचलून डाव्या सीटवर बसवलं. गोणपाट कुणी परत टाकलं नव्हतं. म्हातारी खाली वाकून एकटक बघत राहिली.

"हिरवं दिसतंय मला," ती म्हणाली.

आसाराम गाडी सुरू करणार, तोच तिने दोन्ही पाय तळापासून वर उचलून धरले. दुखऱ्या मांडीला हाताचा आधार दिला.

"थांबा, जावाई. पुष्पे, चपला काढ माज्या. आन हातात दे."