न्यानचं खरं वय

बिदोंग बेटावरच्या निर्वासित छावणीला होडी लागली त्या दिवशी नोंदणीवाल्याने बहिणीचं वय विचारलं, आणि थोआने घरी सांगतात तसं सांगून टाकलं, एकवीस. कडेवर तापाने फणफणलेली लेक होती, पायाखालची जमीन अजून हलत होती.

आठ महिन्यांनी सगळं त्याच आकड्यावर अडलं. नियम असा की एकविसाच्या आतली अविवाहित बहीण थोआच्याच फाइलवर परदेशी जाणार. एकवीस भरले की फाइल वेगळी, मग कुठला देश आणि कुठलं साल, देव जाणे.

“ताई, राहीन गं मी मागे. लंगोट धुण्यातून तरी सुटेन,” न्यान म्हणाली. थोआला हसू आलं नाही.

छावणीतले दुभाषी खिएम मास्तर मुलाखतीआधी भेटले. “बहिणीचा जन्म कधीचा, पोरी?”

“आपल्या पंचांगातल्या बैलाच्या वर्षातला. नववर्षाला दोन दिवस उरले होते.”

“म्हणजे बासष्टच्या नववर्षाआधी. आपल्याकडे जन्मताच एक, प्रत्येक नववर्षाला आणखी एक, म्हणून तिसऱ्याच दिवशी दोन. तुझी बहीण मोठी घाईची बाई. साहेबांच्या मोजणीत एकोणीसच.”

मुलाखतीत परदेशी साहेबाने नकारार्थी मान हलवली. “वय कमी करून सांगणारे रोज येतात. दाखला?”

“समुद्रात गेला,” थोआ म्हणाली.

मास्तरांनी बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा टेबलावर ठेवला. साठ वर्षांतलं प्रत्येक नववर्ष इंग्रजी तारखेने कधी आलं, ते त्यांनी झोपड्या-झोपड्यांतल्या म्हाताऱ्यांना विचारून त्यावर लिहिलं होतं.

“हे तुम्हीच लिहिलंय. खरं कशावरून?”

“कुठलंही साल विचारा.”

“अडुसष्ट,” साहेब म्हणाला.

“तीस जानेवारी,” मास्तर पुठ्ठ्याकडे न बघता म्हणाले.

साहेबाने पेन खाली ठेवलं. त्या नववर्षाला शहराशहरांत लढाई पेटली होती. “तेव्हा मी ह्युए शहरात होतो,” तो हळूच म्हणाला. मग बोटाने ओळी उतरत तो बासष्टवर आला. पाच फेब्रुवारी. दोन दिवस मागे मोजून त्याने एकवीस खोडलं, एकोणीस लिहिलं, खाली सही केली.

“याची नक्कल मिळेल? टेबलावर ठेवीन म्हणतो.”

बाहेर आल्यावर थोआने विचारलं, “मास्तर, तुमची फाइल?”

“अडलीय. छातीच्या एक्स-रे फोटोत क्षयाचा डाग निघतो. दोन वर्षं झाली. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो.” आणि त्यांनी पुढच्या कुटुंबाला हाक मारली.

नक्कल करायचं काम थोआने मागून घेतलं. लेकीला न्यानच्या मांडीवर देऊन ती दुपारभर लिहीत बसली. बासष्टच्या ओळीवर आली, तेव्हा ती तारीख तिने तीनदा ताडून पाहिली.