वरच्या फाटकाचं नाव

सेनोबिया परसात लाल मिरच्यांच्या माळा उतरवत होती, तेवढ्यात तिचा धाकटा दीर देल्फिनो नेहमीसारखा न विचारता स्वयंपाकघरात शिरला, शिजत्या घेवड्यावरचं झाकण त्याने उचललं आणि न चाखताच मीठ कमी आहे म्हणून सांगितलं.

"वहिनी, शहरातून वकीलबाई आल्यात. बर्फाची केस करायचीय. तुमच्या वतीनं मी बोलतो."

"मला काय म्हणायचंय ते तरी विचारा, भाऊजी."

"ते मला ठाऊक असतं."

ओहो फ्रिओ गावात हे ठरलेलंच होतं. नवरा गेला की शेत बाईच्या नावावर राहायचं, पण पाण्याची पाळी, बैठकीतलं मत आणि वसंतातल्या पाटखोदाईचं फावडं दिराकडे जायचं. याला आमचं गाव आधार म्हणायचं.

डोंगरावरच्या स्कीच्या रिसॉर्टला आभाळातला बर्फ पुरेनासा झाला होता. मग त्यांनी सांडपाणी जेमतेम गाळून तोफांतून उडवायला सुरुवात केली. पडेपर्यंत त्याचा बर्फ व्हायचा आणि उन्हं तापली की तो वितळून फेसासकट आमच्या पाटात यायचा. त्या फेसात माझी टोपी एकदा पडली, तिच्यावर अजून माशी बसत नाही.

पाटातून शेतात पाणी घ्यायला प्रत्येकाचं एक फाटक होतं. फेस सगळ्यात आधी लागायचा तो वरच्या फाटकाला, म्हणजे सेनोबियाच्या. तिची विहीरही पाटाकाठीच होती. विहिरीचं पाणी उकळलं की भांड्याला साबणासारखा थर धरायचा. जर्दाळूचा मोहर उमलायच्या आधीच काळा पडायचा.

ते वरचं शेत बापाने थोरल्या अबेलिनोला दिलं, तेव्हापासून देल्फिनो जळत होता. इतका, की हिवाळ्यात त्याच्या घरी चूल पेटवावी लागत नसे. गावभरची मांजरं त्याला चिकटून झोपायची. अबेलिनो वारला, सेनोबिया विधवा झाली, तरी आग विझली नाही. पाणी अजून आधी तिच्याकडेच जात होतं ना!

बैठकीत गावातले फक्त पुरुषच होते. वकीलबाईंनी विचारलं, "घाण पाणी पहिल्यांदा ज्याला लागतं, तोच फिर्यादी हवा. वरचं फाटक कोणाचं?"

वर्तमानपत्रात फिर्यादीचा फोटो येणार होता. शेत तिचं, पाणी तिचं, आता फोटोही तिचा?

"माझं," देल्फिनो म्हणाला.

बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यातल्या बऱ्याच जणांच्या ताब्यात कुणा ना कुणा विधवेची पाळी होती.

कोर्टात रिसॉर्टचा वकील फार गोड बोलला. "फाटक तुमचं?"

"आमच्या घराण्याचं."

"म्हणजे नेमकं कोणाचं?"

सेनोबिया मागच्या बाकावर बसली होती. नाव घेतलं असतं तर वकीलबाईंनी जागच्या जागी तिला फिर्यादी करून घेतलं असतं. देल्फिनोने तिच्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं आणि गप्प राहिला. न्यायाधीशांनी बराच वेळ वाट पाहिली. ज्याचं फाटकच नाही त्याला तक्रार करता येत नाही, असं म्हणून त्यांनी केस काढून टाकली.

त्या हिवाळ्यात तोफा आणखी जोरात चालल्या.

वसंतात पाटखोदाई निघाली. पाटकरी देल्फिनोच. पाटकऱ्याने काठीने प्रत्येकाचा तुकडा आखायचा, खोदून झाला की तपासायचा आणि पसंत पडला की खोदणाऱ्याचं नाव मोठ्याने घ्यायचं. त्याशिवाय रांग पुढे सरकत नाही. पहिल्या तुकड्यात अबेलिनोचे बूट घालून, फावडं घेऊन सेनोबिया उतरली.

"वहिनी, तुम्ही कशाला चिखलात? तुमचं मी खोदतो की."

"खोदता खरं. बोलताही तुम्हीच. फक्त कोर्टात तेवढं बोलायचं राहिलं."

तिने खोदलं. तळ दिसेपर्यंत खोदलं. देल्फिनो काठी टेकवत आला. खोट काढायला जागाच नव्हती, म्हणून पुन्हा एकदा बघितली.

"अबेलिनो," त्याने पुकारलं.

विधवेच्या तुकड्यावर गेलेल्या नवऱ्याचंच नाव घ्यायचा रिवाज होता. सेनोबिया हलली नाही.

"ते वर टेकडीवर झोपलेत, भाऊजी. खोदलं मी. उद्या वकीलबाईंकडे जातेय, माझ्या नावानं केस घालायला. त्याआधी ते नाव पाटानं ऐकू दे."

"लोक खोळंबलेत, वहिनी."

"खोळंबू देत."

रांग थांबली. बर्फाचं पाणी बुटांत शिरू लागलं. मागून म्हातारा तिर्सो ओरडला, "अरे घे की नाव! तुझं काय जातंय? इथं आमचे पाय गेले."

देल्फिनो त्या स्वच्छ तुकड्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत तीच जुनी आग होती. एवढा नीट तुकडा त्यालाही कधी जमला नव्हता.

"सेनोबिया," तो पुटपुटला.

"जरा मोठ्यानं, भाऊजी. कोर्ट इथून लांब आहे."

दुसऱ्यांदा ते नाव खालच्या शेवटच्या फाटकापर्यंत ऐकू गेलं. ती पुढच्या तुकड्याकडे निघाली. रांगेतले बरेच जण दोन-दोन फावडी घेऊन उभे होते, एक आपलं आणि एक कुणाच्या तरी विधवेचं. ते दुसरं कुठे लपवावं, हे त्यांना कळेना. पाटात लपवायला जागा नसते.