उसन्या बुटांतला चमत्कार

एल सापोटाल गावच्या फुटबॉलच्या मैदानावर ताडपत्रीचा मांडव घातला होता, आणि मांडवात जेवढी माणसं मावली होती त्याच्या दुप्पट बाहेर उन्हात उभी होती. पुढच्या रांगेत म्हाताऱ्या, त्यांच्या मांडीवर नातवंडं, नातवंडांच्या हातात फुकट वाटलेले फुगे. मधोमध पांढरी प्लास्टिकची खुर्ची. खुर्चीत कॉफीच्या मळ्यावरचा एक मजूर आखडून बसलेला, आणि त्याच्या पायांशी गुडघे टेकून पास्टर ट्रॉय. वय चाळिशीचं, कपडे कॉलेजातल्या पोराचे, टोपी उलटी, दंडावर क्रूस गोंदवलेला.

मजुराचे दोन्ही बूट टाचांशी धरून उचलत ट्रॉयनं गर्दीला दाखवले. उजव्या पायापेक्षा डावा पाय चांगला दोन बोटं आखूड दिसत होता. गर्दीनं च्‌च्‌ केलं. त्या मजुरालाही हे आजच कळत होतं, पण एवढे गोरे लोक सांगतायत म्हटल्यावर त्यानंही दुःखी चेहरा केला.

"वाढ, पाया, वाढ! प्रभूच्या नावानं मी तुला आज्ञा करतो," ट्रॉय डोळे मिटून म्हणाला. बाजूला गावच्या शाळेतल्या मास्तरीणबाई नोएमी दुभाष्याचं काम करत उभ्या होत्या. त्यांनी स्पॅनिशमध्ये कोरड्या आवाजात सांगितलं, "पायाला वाढ म्हणतायत."

आणि पाय वाढला. सगळ्यांच्या देखत, हळूहळू सरकत, उजव्याच्या बरोबरीला आला. एक बाई रडायला लागली, फुगे फुटले, हालेलुयाचा गजर झाला. ट्रॉयबरोबर मिसुरीच्या चर्चमधून आलेली नारिंगी टी-शर्टमधली पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली. त्यांच्या छातीवर लिहिलं होतं, 'एल सापोटाल उजळवू या'. गावात वीज येऊन बरीच वर्षं झाली होती, पण टी-शर्ट आधीच छापून झाले होते.

"आता," ट्रॉय उठत म्हणाला, "ज्यांच्या मनात अजून शंका आहे, त्यांनी आमच्या ब्रिनकडे बघावं."

ब्रिन पुढे आली. सतरा वर्षांची, उंच, खांदे थोडे पाडून चालणारी. जन्मापासून तिचा डावा पाय आखूड होता. तीन वर्षांपूर्वी चर्चच्या शिबिरात ट्रॉयनं अशाच एका खुर्चीत बसवून तो लांब केला होता, आणि तेव्हापासून जिथे जिथे सभा, तिथे तिथे ब्रिनची साक्ष. ती ठरलेली वाक्यं बोलली. नोएमीबाईंनी ती ठरलेल्या सुरात स्पॅनिशमध्ये सांगितली. टाळ्या झाल्या.

ब्रिनच्या डाव्या बुटात टाचेखाली रबराची जाड पट्टी होती, हे गर्दीतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

शिबिरानंतर तिनं आधीची पट्टी मोठ्या ऐटीत कचऱ्यात टाकली होती. दोन महिन्यांत कंबर इतकी दुखायला लागली की आईनं हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी टेप लावून मोजलं आणि नवी पट्टी लिहून दिली. फरक होता तेवढाच होता. ब्रिननं हे ट्रॉयच्या कानावर घातलं तेव्हा त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, देवानं दिलेलं माणूस शंका घेऊन परत करतं कधीकधी. तू साक्ष देत राहा, पाय येईल मागून. ब्रिन साक्ष देत राहिली. पाय काही मागून आला नाही. दोष आपल्या विश्वासात असणार असं समजून ती गप्प राहिली, आणि मैत्रिणींसमोर बूट काढायचं तिनं सोडून दिलं.

ती आणि आणखी एक मुलगी दोन्या इल्दांच्या, म्हणजे इल्दाबाईंच्या, घरी उतरल्या होत्या. इल्दा साठीच्या, ठेंगण्या, बोलक्या. ब्रिनला त्यांची भाषा मोडकीतोडकी यायची, पण त्यानं कुणाचं काही अडत नव्हतं. इल्दा तिच्या ताटात राजमा भरून दुमडलेली तिसरी पोळी, बालेआदा, वाढायच्या, राजम्यावर साय ओतायच्या आणि हिला काडीसारखी का ठेवलीये असं विचारायच्या. स्वतः मात्र मोजकं खायच्या. साखरेचा आजार होता, रोज सकाळी पोटावर सुई टोचून घ्यायच्या.

त्या दिवशी सभा संपता संपता इल्दा पुढे गेल्या. ट्रॉयनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ प्रार्थना केली आणि जाहीर केलं की या बहिणीचं रक्त आता लहान बाळासारखं गोड झालं आहे.

"गोडच होतं, तोच तर त्रास आहे," नोएमीबाई इंग्रजीत पुटपुटल्या, आणि स्पॅनिशमध्ये त्यांनी "शुद्ध" असा शब्द वापरला.

घरी गर्दी इल्दांच्या मागे आली. त्यांनी इन्सुलिनच्या बाटल्या आणल्या आणि सगळ्यांसमोर परसातल्या संडासात टाकल्या. टाळ्या पडल्या. ट्रॉयनं फोटो काढला. इल्दांनी ब्रिनला कवटाळलं आणि म्हणाल्या, "तुझ्या पायानं मला धीर दिला गं पोरी."

ब्रिननं डावा पाय दुसऱ्या पायामागे घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांनी शाळेची भिंत रंगवली. ती गेल्या वर्षी दुसऱ्या चर्चच्या पोरांनी पिवळी केली होती, यांनी निळी केली. नोएमीबाईंचं म्हणणं, आता भिंत पडली तरी रंग उभा राहील. ब्रिनला त्या आवडायला लागल्या होत्या. त्या स्वतः दर रविवारी चर्चमध्ये जाणाऱ्या, गाणाऱ्या, डोळे मिटून प्रार्थना करणाऱ्या. पण डोळे उघडे ठेवायच्या वेळी उघडे ठेवणाऱ्या.

दुपारच्या सभेत डॉन तिबुर्सियो आले. गावातला सगळ्यात हट्टी म्हातारा, गुडघेदुखीनं हैराण, आणि सवयीप्रमाणे अनवाणी. खुर्चीत बसून त्यांनी आपली मातीनं माखलेली पावलं पुढे केली. ट्रॉयनं ती हातात घेतली, पाहिली, आणि खाली ठेवली. मग हसून म्हणाला, या भावाला कुणीतरी बूट द्या, देवासमोर नीट जाऊ या. कुणीतरी आपले रबराचे गमबूट काढून दिले, म्हाताऱ्याला ते दोन नंबर मोठे होते. बूट चढवले, पाय उचलले, आणि बघतात तर काय, डावा पाय आखूड. वाढ म्हटलं, वाढला.

नोएमीबाई ब्रिनच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"चमत्काराला बूट लागतात का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

 पुढच्या माणसाच्या वेळी ब्रिननं वर झालेल्या हातांकडे आणि मिटलेल्या डोळ्यांकडे पाहायचं सोडून ट्रॉयच्या अंगठ्याकडे पाहिलं. पाय उचलताना अंगठा उजव्या बुटाच्या टाचेमागे जायचा आणि बूट जरासा पुढे ओढायचा. आतली टाच बुटाच्या तळापासून सुटायची. तेवढा उजवा बूट पुढे दिसायचा आणि बिचारा डावा पाय आखूड ठरायचा. मग प्रार्थनेच्या भरात तळवा उजव्या बुटाला आत ढकलायचा. सगळ्यांची नजर डाव्यावर, हालचाल उजव्यावर. शिबिरात तिनं स्वतः घट्ट डोळे मिटले होते. आजूबाजूला सगळे रडत होते, आणि डोळे उघडले तेव्हा बूट सारखे होते.

त्यानंतर एका सकाळी इल्दा उठल्या नाहीत. आदल्या दिवसापासून त्या घागरभर पाणी पीत होत्या, उलट्या होत होत्या, आणि विचारलं की म्हणत होत्या, जुना आजार बाहेर पडतोय. आता त्या हाकेला ओ देत नव्हत्या. पलंगाजवळ श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता. ब्रिन अनवाणीच धावत नोएमीबाईंकडे गेली. शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये गादी टाकून इल्दांना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी सलाईन लावलं, मग सुई दिली, आणि मग विचारलं की औषध कुणी बंद केलं.  डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी एक दिवस गेला असता तर मी तुम्हाला दवाखान्यातून पाद्र्याकडे पाठवलं असतं.

ब्रिन परतली तेव्हा ट्रॉय मांडवात गिटार जुळवत बसला होता. बातमी ऐकून त्याचा चेहरा खरोखर पडला. त्यानं इल्दांसाठी प्रार्थना केली, डोळे पुसले, आणि मग म्हणाला की बहिणीचा विश्वास मध्येच डगमगला असावा. लोक घाबरलेत, आज शेवटची सभा आहे, तेव्हा ब्रिननं जरा जोरात साक्ष द्यायला हवी.

"पास्टर," ब्रिन म्हणाली, "बूट का लागतात?"

ट्रॉयनं गिटार बाजूला ठेवलं. 

"हे मला एका मोठ्या माणसानं शिकवलं," तो म्हणाला. "देव काम करतच असतो गं. पण लोकांना दिसलं नाही तर ते येत नाहीत. मी फक्त दिसेल असं करतो."

"दोन्या इल्दांना दिसलं ना."

त्यावर तो म्हणाला की तू थकली आहेस, जाऊन पाणी पी.

सभेला मैदान भरलं होतं. इल्दांची बातमी गावभर झाली होती, तरी माणसं आली होती. काही तर जास्तच आशेनं आली होती. ट्रॉयनं ब्रिनचं नाव घेतलं. ती चालत खुर्चीपर्यंत आली, बसली, आणि तिनं दोन्ही बूट काढले. मग मोजे. मग डाव्या बुटातून रबराची पट्टी काढून वर धरली.

"बाई, आज मी म्हणेन तेच सांगा," ती नोएमीबाईंना म्हणाली. "माझा पाय कधीच वाढला नव्हता. मी खोटं बोलले. मला वाटायचं चूक माझीच आहे."

नोएमीबाईंनी शब्दन् शब्द सांगितला.  नारिंगी शर्टातली पोरं एकमेकांकडे बघायला लागली. ट्रॉय पुढे झाला आणि म्हणाला, हिच्यावर मोहाचा घाला पडलाय, आपण हिच्यासाठी हात वर करू या.

"करा ना," ब्रिन म्हणाली.  "पाय इथेच आहेत. आता प्रार्थना करा, बूट नाहीत. बाईंनी शिवणाची टेप आणलीये. आधी मोजू, नंतर मोजू."

नोएमीबाईंनी ब्रिनला सरळ झोपवून कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत टेप लावली, पुढच्या रांगेतल्या बायकांना आकडा वाचायला लावला, मग दुसऱ्या पायाला लावली. बायकांनी मान हलवली, फरक होता. ट्रॉय म्हणाला, देवाची परीक्षा घेऊ नये.

"देवाची नाही हो," नोएमीबाई म्हणाल्या, "बुटांची घेतोय."

आणि त्यांनी डॉन तिबुर्सियोंना खुर्चीत बोलावलं. अनवाणी पाय उचलून दाखवले, दोन्ही टाचा एका रेषेत. मग तेच उसने गमबूट चढवले. या वेळी त्या खुर्चीच्या बाजूला वाकून बसल्या, म्हणजे हात सगळ्यांना दिसावा. अंगठ्यानं उजवा बूट जरा ओढला, आणि म्हाताऱ्याचा डावा पाय आखूड झाला. तळव्यानं ढकलला, वाढला. पुन्हा ओढला. आखूड. मग डावा बूट ओढला, आणि या खेपेला उजवा पाय आखूड झाला. पोरं पुढे सरकली, ओरडायला लागली, आता हा, आता तो. आधी कुणीतरी एकट्यानं हसलं, मग मैदान हसायला लागलं.

"म्हणजे माझा पाय दुसऱ्याच्या बुटात वाढला," डॉन तिबुर्सियो म्हणाले. "तरीच बूट परत केले तशी वाढही गेली."

सगळे हसले नाहीत. पहिल्या दिवशी खुर्चीत बसलेला तो मजूर उठून निघून गेला. एक म्हातारी रागानं म्हणाली, की देवाच्या माणसाची थट्टा केली तर गावावर काहीतरी येईल. नोएमीबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या, आणि बोलल्या ते तिच्याशीच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"मीही प्रार्थना करते, मावशी. आज सकाळी पिकअपमध्ये इल्दाचा हात धरून रस्ताभर केली. पण त्याबरोबर गाडीही पळवली. प्रार्थनेनं मनाला बळ येत असेल तर करा, कोण नको म्हणतंय? पण कुणी सांगितलं की औषध फेका, तर तो माणूस कुठल्याही देशाचा असो, कितीही गोड गात असो, त्याला म्हणा, आधी मोज, मग बोल. डोळे मिटून देवाला भेटता येतं. माणसाला भेटताना उघडे ठेवा."

त्या संध्याकाळी इतर मुलांपैकी कुणी ब्रिनशी बोललं नाही. फक्त तिच्याबरोबर राहणारी मुलगी तिच्या शेजारी येऊन बसली आणि पाय दुखतात का, असं विचारू लागली. ट्रॉय सामान बांधत होता. घरी परतल्यावर चर्चमध्ये काय सांगायचं हे त्याला कळत नव्हतं. ब्रिनला कळत होतं, आणि त्याचीच त्याला भीती होती.

निघण्याआधी ती नोएमीबाईंबरोबर दवाखान्यात गेली. इल्दा उशीला टेकून बसल्या होत्या, चेहरा उतरलेला, पण तोंड चालू. नर्सकडे त्यांची तक्रार होती की इथल्या राजम्याला मीठ नाही. ब्रिननं सगळं सांगितलं, आपल्या मोडक्या स्पॅनिशमध्ये, आणि अडलं तिथे नोएमीबाईंनी जोडलं. सांगून झाल्यावर ती खाली बघत उभी राहिली.



"मला बाटल्या टाकायच्या नव्हत्या," इल्दा म्हणाल्या. "संडासापर्यंत गेले तेव्हा मनात आलं, एक तरी ठेवावी. पण सगळे माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होते गं. एवढ्या टाळ्यांत थांबायचं कसं?"

तेवढ्यात नर्स सुई घेऊन आली. इल्दांनी सदरा वर केला, सुई नर्सच्या हातून घेतली आणि सवयीनं स्वतःच टोचून घेतली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ब्रिननं कापसाचा बोळा पुढे केला, तो त्यांनी घेतला, आणि तिला आपल्या पलंगावर बसायला जागा करून दिली.