छत्तीस पिनांची केबल

“हे सांगून कुणाला खरं वाटणार नाही, आणि वाटूही नये. मला स्वतःला अजून वाटत नाहीये,” खुर्चीत टेकता टेकता बाबुराव वानखेडे म्हणाले. “पण सुशीलाबाई, त्या केबलपायी मी एका कुत्र्याला जामीन राहिलो.”

“चहा गोष्टीच्या आधी घेता की नंतर?” सुशीलाबाईंनी विचारलं. “नंतर घेणार असाल तर पातेलं आत्ता चढवत नाही.”

खिडकीशी बसलेला त्यांचा भाचा प्रज्ञेश हसला आणि लगेच गप्प झाला. बाबुरावांनी त्याच्याकडे डोळे वटारले होते. त्यांच्या मांडीवर जाड कागदांचा गठ्ठा होता. पाच पानं. त्यावर त्यांनी दोन्ही हात असे ठेवले होते, जसं काही ती पानं आपणहून उठून बोलायला लागतील.

बाबुराव वर आणि सुशीलाबाई खाली राहत त्या कसबा पेठेतल्या तीन मजली इमारतीत बाबुरावांच्या बोलण्याचा हिशेब सगळ्यांनाच पाठ होता : रुपयात पंधरा पैसे खरं, बाकी वरखर्च. त्यांनी म्हणे एकदा मुठा नदीतला मासा छत्रीने धरला होता आणि तो मासा छत्रीसकट पुढच्या पुलापर्यंत गेला होता. छत्री उघडी होती, असंही ते सांगत. पण ह्या खेपेला थाप मारून भागणार नव्हतं. ह्या खेपेला रविवार होता.

रविवारी हडपसरला, हॉलमध्ये, प्रज्ञेशच्या बहिणीचं, भाग्यश्रीचं लग्न. लग्नात वधूवरांनी प्रतिज्ञा घ्यायच्या, पाच तिने, पाच त्याने. कुणीतरी एकेक वाक्य वाचायचं आणि त्यांनी ते मागून म्हणायचं. भाग्यश्रीने सांगून टाकलं होतं, “प्रतिज्ञा आत्याच देईल. आणि लिहील पण तीच.” सुशीलाबाई मेश्राम जन्मापासून आंधळ्या. सरकारी कचेरीत एकतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर. आवाज असा की पलीकडचा माणूस बोलता बोलता सरळ बसायचा. दहाच्या दहा प्रतिज्ञा त्यांनी मनात रचल्या, प्रज्ञेशला सांगून त्याच्या लॅपटॉपवर उतरवल्या, आणि तीन आठवड्यांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून उजवं मनगट मोडून घेतलं. हात प्लास्टरमध्ये. ब्रेलची टोचणी धरणार कशी? वाचायला डावं बोट शाबूत होतं, पण वाचायला कागद नव्हता; आणि पाठ म्हणताना एक शब्द जरी गळला तर प्रतिज्ञा मोडली, असं त्यांचं म्हणणं.

“फोन कानात लाव ना, आत्या,” प्रज्ञेश म्हणाला होता. “तो वाचेल, तू रिपीट कर.”

“म्हणजे फोन बोलणार, मी बोलणार, मग पोरं बोलणार. हे लग्न आहे की पाढे?”

वरपक्षाच्या एका काकांनी तोडगा सुचवला : डोळस कुणीतरी वाचेल, ताईंनी फक्त शेजारी उभं राहावं.

“शेजारी उभी राहायला मी काय फुलदाणी आहे?” सुशीलाबाई म्हणाल्या. तो शब्द बाबुरावांना झोंबला.

ब्रेल छापून देणाऱ्यांकडे महिन्याची रांग. प्रज्ञेशने हाताने टोचून द्यायची तयारी दाखवली, तर बाईंनी तेही उडवून लावलं. “ऑफिसात एकतीस वर्षं मी कुणाला कोपर धरू दिलं नाही. आता माझ्यापायी कुणी पाठ मोडून ठिपके काढत बसायचं नाही. यंत्र काढत असेल तर काढू दे. यंत्राचे उपकार होत नाहीत.”

झालं! बाबुरावांना एवढंच हवं होतं. त्यांच्या माळ्यावर एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर होता. पूर्वी ते त्यावर मासिकांच्या वर्गणीदारांचे पत्ते छापून द्यायचे. हा प्रिंटर शाई उडवत नाही, सुया हाणतो. फीत काढून टाकायची, रुळावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवायचा, जाड कागद घालायचा; सुई ठिपका दाबणार आणि कागदाच्या पाठीवर फुगवटा उमटणार. मजकूर तेवढा उलटा पाठवायचा, म्हणजे पाठीवरून वाचताना सुलटा. “मंगळवारी तुमच्या हातात पानं,” बाबुराव अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं म्हणाले.

प्रिंटर खाली आला. त्याच्या पाठीला विटेएवढं रुंद तोंड, दोन्ही बाजूंना तारेच्या कड्या. प्रज्ञेशच्या लॅपटॉपला नखाएवढी भोकं.

“काका, ह्याला ते कसं जोडणार?”

“केबल बदलली की झालं.”

पहिली केबल बाबुरावांच्याच ट्रंकेत निघाली. तिचं एक टोक प्रिंटरला अगदी चपखल बसलं. दुसरं पंचवीस काट्यांचं, ते जुन्या कॉम्प्युटरचं. दुसरी त्यांनी बाजारातून आणली. ती लॅपटॉपला बसली, पण तिचं दुसरं टोक चौकोनी, नव्या प्रिंटरचं. तिसरीसाठी गेले त्या दुकानात त्यांनी छत्तीस पिनांचं तोंड हाताने हवेत काढून दाखवलं. दुकानदाराने मान वर न करता सांगितलं, “वस्तुसंग्रहालय पुढे आहे. सोमवारी बंद असतं का ते विचारून जा.”

बाबुरावांनी हवेतले हात खाली घेतले आणि बस धरली.

तर ती तिसरी केबल, जिच्या एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला छत्तीस पिना, ती हडपसरला एका जुन्या सामानाच्या गाळ्यात बिस्किटाच्या डब्यात मिळाली. गाळ्याच्या दारात एक कुत्रा झोपला होता. खरं एवढंच. पण आता शनिवारच्या सकाळी, सुशीलाबाईंच्या समोर, तो कुत्रा उठून उभा राहिला होता.

“केबल त्याच्या गळ्यात, बाई! पट्टा म्हणून. मालक म्हणाला, केबल न्या, पण कुत्रा पळाला तर तुम्ही जबाबदार. मी म्हणालो, लिहून देतो. दिलं लिहून. कुत्र्याने अंगठा केला.”

“कोणत्या पायाचा?”

“पुढच्या डाव्या. उजवा मोडला होता बिचाऱ्याचा.”

सुशीलाबाई खळखळून हसल्या. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. बाबुरावांना वाटलं, जमलं. आता एवढा एक उतार उतरलो की सुटलो.

“मग लावली केबल,” ते म्हणाले. “कड्या अडकवल्या, खट् खट्. प्रज्ञेशने बटण दाबलं. आणि तुम्हाला सांगतो, प्रिंटरने आधी जांभई दिली. एवढ्या वर्षांची झोप! मग लागला कर्रर्र, कर्रर्र करायला. खालच्या मजल्यावरच्या शालनताई वर आल्या, म्हणाल्या, दळण कुणाचं चाललंय? पाच पानं पाच मिनिटांत! सहावं कोरं होतं तेही मागायला लागला.”

प्रज्ञेशने खिडकीबाहेर तोंड वळवलं ते वळवलंच.

केबल लावली होती, हे खरं. कड्या अडकल्या, प्रिंटरने कर्रर्र केलं, हेही खरं. मंगळवारी संध्याकाळी दोघांनी टाळीसुद्धा दिली होती. मग बाबुरावांनी कागद काढून पाठीवरून बोट फिरवलं. काही लागेना. गालावर फिरवून पाहिलं. सुयांतला जोरच गेला होता. त्या कागदाला टोचत नव्हत्या, गुदगुल्या करत होत्या. एकाच ओळीवरून तीनदा छापलं तेव्हा कागद फाटला, सुयांचं डोकं मध्येच अडकलं, करपल्याचा वास आला आणि प्रिंटर निजला तो कायमचा. योग्य केबल त्याच्या पाठीला तशीच लावलेली होती.

“सांगून टाकू आत्याला,” प्रज्ञेश म्हणाला.

“काय सांगू? की जा, उभी राहा फुलदाणीसारखी?”

बाबुराव खाली गेले आणि सुशीलाबाईंकडून त्यांची ब्रेलची पाटी आणि टोचणी मागून आणली. “यंत्राला ठिपक्यांचं माप द्यायचंय,” म्हणाले. प्रज्ञेशने फोनवर अक्षरांचा तक्ता काढून दिला. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, सकाळच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत बाबुराव खिडकीत बसून टोचत होते. उजवीकडून डावीकडे, एकेक अक्षर, सहा ठिपक्यांच्या घरात. ‘मी तुला बरोबरीने वागवीन’ ह्या एका वाक्याला पहिल्या दिवशी पाऊण तास लागला. ‘वागवीन’चा पहिला ‘व’ चुकला. चौऱ्याहत्तर वर्षांचे डोळे, ठिपका शेजारच्या घरात पडायचा. बोटाला घट्टा पडला. आयुष्यात इतकं खरं काम त्यांनी इतक्या गुपचूप कधी केलं नव्हतं. शुक्रवारी शेवटचा ठिपका पडला तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं, की बाई एवढं लिहितात ते किती जड असतं.

आणि हे बाईंना कळता कामा नये. कळलं तर त्या पानं परत करतील, आणि उद्या शेजारी उभ्या राहतील. म्हणून तर कुत्रा, म्हणून जांभई.

“आणा इकडे,” सुशीलाबाई म्हणाल्या.

बाबुरावांनी पहिलं पान दिलं. त्यांनी ते मांडीवर सपाट केलं, प्लास्टरच्या हाताने दाबून धरलं, आणि डावं बोट पहिल्या ओळीवरून चाललं. बाबुराव श्वास रोखून त्या बोटाकडे बघत होते. बोलल्याशिवाय राहवेना, म्हणून म्हणाले, “यंत्राचं काम ते. एकसारखं. माणसाला जमायचं नाही.”

“हं,” सुशीलाबाई म्हणाल्या. “‘मी तुला बरोबरीने वागवीन.’” तो आवाज खोलीत उतरला, आणि प्रज्ञेश नकळत सरळ बसला. बोट दुसऱ्या ओळीवर गेलं. पुढे सरकलं. थांबलं. एक अक्षर मागे आलं. त्याच जागी दोनदा, तीनदा, अगदी हलकं फिरलं, जखमेवरून फिरावं तसं.

“प्रिंटर चांगला आहे हो तुमचा,” त्या म्हणाल्या.

“आहेच मुळी! जर्मन बनावटीचा...”

“चुकलेला ठिपका नखाने दाबून बसवतो. मग शेजारी नवा टोचतो. ह्या एका ओळीत चारदा.” बाईंनी मान वर केली. बोट मात्र कागदावरच होतं, आपली जागा धरून. “बाबुराव, यंत्र चुकतं, पण खोडत नाही. धादांत खोटं बोलताय तुम्ही. द्या, दुसरं पान द्या.”